शून्याच्या आधीचे चोवीस तास

धाराशिव जिल्ह्यात आपत्तीचा घटनाक्रम म्हटला की एकच वेळ आठवते, भूकंपाची: ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. सास्तूर भागात त्या रात्री जागे झालेले लोक आजही मिनिटासकट सांगतात.

पुढच्या घटनाक्रमाला तारीख नाही. तो घडतो गर्भाशयमुखाच्या अस्तरात, गावाकडच्या बायका ज्याला पिशवीचं तोंड म्हणतात तिथल्या एका पेशीत. पेशीची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. हे घडत असताना दुखत नाही, ताप येत नाही, कुणाला काही कळत नाही. शेवट मात्र मोजलेला आहे आणि तो याच जिल्ह्यात मोजला गेला: तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायका, त्यांत या एका कर्करोगाचे ६४ मृत्यू.

घड्याळाविषयी थोडं. शून्य म्हणजे जोडीनं बांधलेली गुणसूत्रं एकमेकांपासून सुटतात तो क्षण. ही पेशी कुणा एका बाईची नाही. प्रयोगशाळेत मानवी पेशींवर मोजलेल्या वेळा जुळवून ती उभी केली आहे. तिथं वाढवलेल्या पेशीचं एक चक्र साधारण २४ तासांत पुरं होतं. शरीरात त्याला जास्त वेळ लागतो, क्रम मात्र तोच राहतो. यातली बरीच मोजमापं हेला पेशींवर झाली. १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोर इथं हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्या घेतल्या होत्या. लॅक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, वयाच्या ३१ व्या वर्षी वारल्या. त्यांच्या पेशी अजून विभागत आहेत. या रोगाचं घड्याळ याच रोगाच्या पेशींवर लावलेलं आहे.

शून्यापूर्वी काही वर्षं

पेशीत एक विषाणू शिरतो: ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस (एचपीव्ही), प्रकार १६. त्याचा डीएनए वर्तुळाकार, अक्षरं सुमारे ७,९००. तो ज्या पेशीत शिरला तिच्या स्वतःच्या डीएनएत सुमारे ६४० कोटी अक्षरं आहेत.

असा संसर्ग बहुतेक बायकांना आयुष्यात कधीतरी होतो आणि दहांतल्या नऊ वेळा शरीर तो वर्षा-दोन वर्षांत निस्तरतं. या पेशीच्या बाबतीत ते झालं नाही. जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटानं १९८३ मध्ये गाठींमधून प्रकार १६ वेगळा काढला, पुढच्या वर्षी प्रकार १८. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग या दोघांचे. त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

कधीतरी विषाणूचं वर्तुळ तुटतं आणि त्याचा तुकडा पेशीच्या गुणसूत्रात घुसून बसतो. तुटताना विषाणूचं ई२ हे जनुक बहुधा निकामी होतं. ई२ चं काम होतं ई६ आणि ई७ या दोन जनुकांना आवर घालणं. आता आवर घालणारं कुणी नाही.

शून्यापूर्वी २४ तास

पेशी नुकतीच आधीच्या विभाजनातून बाहेर पडली आहे. गुणसूत्रं ४६. तारककाय १. तारककाय म्हणजे पेशीतले सूक्ष्म तंतू जिथून फुटतात तो ठिपका. या प्रकरणात त्याची संख्या गुणसूत्रांच्या संख्येइतकीच महत्त्वाची आहे.

शून्यापूर्वी २० तास

विभागायचं की नाही, याचा निर्णय. निरोगी पेशीत आरबी नावाचं प्रथिन विभाजनाची जनुकं दाबून धरतं. बाहेरून स्पष्ट सांगावा आल्याशिवाय सोडत नाही.

ई७ हे ९८ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. ते आरबीला चिकटतं आणि आरबी मोडीत निघतं. सांगावा आलेला नाही, तरी पेशी निघाली.

चुकलेला पहिला इशारा हा.

शून्यापूर्वी १९ ते १३ तास

या वेळात सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखं काही घडत नाही. पेशी वाढते आहे. तोवर जिल्ह्याकडे वळतो.

१९८७ साली बार्शीत भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी सोलापूर जिल्ह्यातलं, पण नोंदणीत बार्शीबरोबर परंडा आणि भूम हे तालुके धरले गेले, आणि ते तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातले. डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे डॉ. भगवान नेने ही या कामातली ठळक नावं. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. खेड्यात तेवढ्यानं भागत नव्हतं, कारण रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हता. म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली, लोकांना लक्षणं समजावून सांगत आणि संशयित रुग्ण शोधत.

बायकांच्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा सर्वांत वर होता, आणि उशिरा सापडत होता. पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणं, संबंधानंतर रक्त, अंगावरून सतत पांढरं आणि घाण वासाचं पाणी. ही लक्षणं कुणी सांगत नसे. बायका ती अंगावर काढत. नोंदणीच्या माणसांनी नुसतं गावात जाऊन बोलायला सुरुवात केली आणि काही वर्षांत रोग आधीच्या टप्प्यावर सापडू लागला. त्यावरचा लेख १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा यंत्र नव्हतं, औषध नव्हतं, फक्त गावात जाऊन बोलणं होतं. माझ्या मते या सगळ्या कथेत सर्वांत कमी खर्चात झालेलं काम हेच.

पण लक्षण दिसतं तेव्हा पेशीच्या घड्याळात फार उशीर झालेला असतो.

शून्यापूर्वी १३ तास

डीएनएची नक्कल सुरू. सुमारे ८ तास चालेल. प्रत्येक गुणसूत्राची दुसरी प्रत तयार होईल आणि दोन्ही प्रती कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी एकमेकींना बांधलेल्या राहतील.

याच सुमारास तारककायाचीही नक्कल व्हायची असते. एकाचे दोन, आणि तेही एकदाच. पीएलके४ हे विकर ती संख्या सांभाळतं. ते कमी पडलं तर तारककाय वाढत नाही, जास्त झालं तर एकाचे अनेक होतात.

शून्यापूर्वी १२ तास

ई७ असलेल्या पेशीत पीएलके४ वाढलेलं असतं. तारककायाच्या आतल्या जुन्या तारककेंद्राच्या कडेला एक पिल्लू फुटायचं, तिथं एकाच वेळी अनेक फुटतात. हार्वर्डमध्ये स्टेफान ड्युन्सिंग, कार्ल म्युंगर आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की ई६ आणि ई७ मिळून तारककायाच्या नकलेची विभाजनाच्या चक्राशी असलेली सांगड तोडतात.

या पेशीत आता ध्रुव, म्हणजे विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं ज्यांच्याकडे ओढली जातात ती टोकं, होऊ शकतील अशा जागा तीन आहेत. लागतात दोन. संख्या मोजणारं पेशीत कुणी नाही.

शून्यापूर्वी ५ तास

नक्कल पूर्ण. काही ठिकाणी डीएनए तुटलेला आहे. घाईत केलेल्या नकलेत असं होतं.

निरोगी पेशीत इथं पी५३ हे प्रथिन जमा होतं. ते विभाजन अडवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती होणार नसेल तर पेशीला संपवतं. विषाणूचं ई६ पेशीतल्याच एका प्रथिनाला हाताशी धरून पी५३ वर नष्ट करण्याची खूण चढवतं. ती खूण पाहून पेशीची स्वतःची मोडतोड यंत्रणा पी५३ ला गिळते.

कुणी अडवलं नाही. दुसरा इशारा गेला.

शून्यापूर्वी १ तास

सायक्लिन-बी आणि सीडीके१ ही जोडी कामाला लागते. गुणसूत्रं आखडून जाड होऊ लागतात. ईजी५ नावाचं चार डोक्यांचं प्रथिन दोन विरुद्ध तंतूंना एकाच वेळी धरतं आणि एकमेकांपासून ढकलतं. त्यामुळे ध्रुव लांब सरकतात. ऑरोरा-ए हे विकर तारककायांवर जमा झालं आहे. इथून माघार घेणं पेशीला जवळजवळ अशक्य आहे.

शून्यापूर्वी ४० मिनिटं

केंद्रकाचं आवरण फुटतं. आतापर्यंत आत बंद असलेली ४६ जोड गुणसूत्रं उघड्यावर येतात.

आता तर्कू उभारायचा आहे, म्हणजे गुणसूत्रांना ओढून दोन बाजूंना नेणारी तंतूंची रचना. तंतू ट्युब्युलिन या प्रथिनाचे, जाडी २५ नॅनोमीटर. ते नुसते तारककायांकडूनच येतात असं नाही. गुणसूत्रांच्या आसपास रॅन नावाचं प्रथिन सक्रिय रूपात दाटलेलं असतं. त्याच्या जवळ आल्यावर टीपीएक्स२ हे प्रथिन आपल्या वाहकाच्या पकडीतून सुटतं, ऑरोरा-एला चेतवतं, आणि गुणसूत्रांच्या भोवतीही नवे तंतू फुटू लागतात. डायनीन आणि न्यूमा ही प्रथिनं तंतूंची टोकं गोळा करून ध्रुवाशी बांधतात. ई७ न्यूमालाही चिकटतं आणि डायनीनला तर्कूवरून हलवतं, असंही प्रयोगांत दिसलं आहे.

चाळीस मिनिटांत हे सगळं जुळायचं आहे.

शून्यापूर्वी ३८ मिनिटं

प्रत्येक गुणसूत्राच्या प्रतीवर तंतू पकडायची एक जागा असते, कायनेटोकोर. ४६ जोड्या म्हणजे ९२ कायनेटोकोर. त्यांतला जो रिकामा असेल, तो 'थांबा' असा संकेत सोडत राहतो. मॅड१ आणि मॅड२ ही प्रथिनं त्यावर येऊन बसतात. मॅड२, बबआर१ आणि बब३ मिळून सीडीसी२० ला बांधून ठेवतात. सीडीसी२० मोकळं नसेल तर पुढचं पाऊल पडत नाही.

हा तपासनाका १९९१ मध्ये यीस्टमध्ये सापडला, एकाच वर्षी दोन प्रयोगशाळांना. दोन्हीकडे यीस्टला बेन्झिमिडाझोल जातीचं बुरशीनाशक दिलं होतं. ते ट्युब्युलिनला चिकटतं आणि तर्कू उभा राहू देत नाही. शहाणं यीस्ट थांबलं. ज्यांच्यात थांबायचं जनुक बिघडलेलं होतं ते विभागत राहिलं आणि मेलं. हरभऱ्याच्या बियाण्याला चोळायचं किंवा द्राक्षबागेत फवारायचं कार्बेन्डाझिम, दुकानात बाविस्टिन म्हणून मागतात ते, याच जातीचं आहे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यानं बुरशीचा तर्कू कितीतरी वेळा मोडला आहे.

नाका कडक आहे. ९१ जागा धरल्या गेल्या आणि एकच रिकामी असली तरी तो थांबवतो.

शून्यापूर्वी ३५ मिनिटं

तर्कूला तीन ध्रुव आहेत.

तीन ध्रुवांचं विभाजन काय करतं हे थिओडोर बोव्हेरी यांनी १९०२ मध्येच समुद्री अर्चिनच्या अंड्यांत पाहिलं होतं. गुणसूत्रं कशीही वाटली जातात आणि पिल्लं मरतात. १९१४ मध्ये त्यांनी लिहिलं की गाठींचं मूळ अशाच चुकीच्या वाटपात असावं. तेव्हा माणसाची गुणसूत्रं किती, हेही नक्की माहीत नव्हतं.

मग नाक्यानं आता थांबवायला हवं ना? नाही थांबवत. ग्रीनफील्ड स्लूडर, कॉनली रीडर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे तपासून पाहिलं. ध्रुव दोन आहेत, तीन आहेत की चार, हा प्रश्न तपासनाका विचारतच नाही. तो एवढंच पाहतो की प्रत्येक कायनेटोकोर धरलेला आहे का.

संपूर्ण घटनाक्रमात मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते इथं. यंत्रणा बिघडलेली नाही. ती नेमून दिलेलं काम चोख करते आहे. प्रश्न अपुरा आहे.

शून्यापूर्वी ३० मिनिटं

पेशी स्वतःला वाचवायचा प्रयत्न करते. एचसेट हे प्रथिन जवळजवळच्या ध्रुवांना ओढून एकत्र आणतं. तीनांतले दोन ध्रुव एकमेकांकडे सरकतात आणि मिसळतात.

आता ध्रुव दोन. वरवर पाहता सगळं ठीक. तीन ध्रुवांनी विभागली असती तर पिल्लं बहुधा जगली नसती आणि प्रकरण इथंच मिटलं असतं. पेशी तगते ती या दुरुस्तीमुळे. पुढचं अनर्थाचं कारणही हीच दुरुस्ती.

शून्यापूर्वी २७ मिनिटं

ध्रुव सरकत असताना एका कायनेटोकोरला दोन ठिकाणांहून तंतू येऊन चिकटले होते. माणसाच्या एका कायनेटोकोरवर वीसेक तंतू बसतात. त्यांतले बरेचसे योग्य ध्रुवाचे, काही विरुद्ध ध्रुवाचे. ध्रुव मिसळले, पण तंतू तसेच राहिले. एकाच बैलाला विरुद्ध दिशांच्या दोन गाड्या जुंपाव्यात तशी ही पकड.

बोस्टनमध्ये डेव्हिड पेलमन यांच्या प्रयोगशाळेनं २००९ मध्ये जिवंत पेशींची चित्रं तासन् तास घेऊन दाखवलं की जादा तारककाय असलेल्या पेशींचं नुकसान प्रामुख्यानं याच वाटेनं होतं.

ते गुणसूत्र तिसऱ्या क्रमांकाचं आहे असं धरू. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तिसऱ्या गुणसूत्राची लांब भुजा जादा मिळणं ही नेहमी आढळणारी नोंद आहे.

शून्यापूर्वी २५ मिनिटं

चुकीची पकड सोडवायला पेशीकडे आणखी एक प्रथिन आहे, ऑरोरा-बी. दोन्ही प्रतींच्या मधे बसून ते ताण पाहतं. ताण नसेल तर तंतू सोडायला लावतं, म्हणजे पुन्हा नीट धरता येईल. दोन्ही प्रती एकाच ध्रुवाला बांधल्या गेल्या असतील तर ताण नसतो आणि चूक लगेच पकडली जाते.

इथं ताण आहे. दोन्ही बाजूंनी ओढ आहे. ऑरोरा-बी अशा पकडीतलेही काही तंतू हळूहळू सोडवतं, वेळ मिळाला तर बऱ्याचदा पूर्ण सोडवतं.

वेळ किती आहे ते दुसरा कायनेटोकोर ठरवणार.

शून्यापूर्वी २३ मिनिटं

शेवटचा रिकामा कायनेटोकोर धरला जातो. ९२ पैकी ९२. डायनीन मॅड२ ला तंतूवरून ध्रुवाकडे वाहून नेतं. 'थांबा' संकेत बंद.

तिसऱ्या गुणसूत्राची चुकीची पकड अजून तशीच आहे. पण धरलेलं आहे, म्हणून तक्रार नाही.

२३ हा आकडा कॉनली रीडर यांच्या गटाचा, १९९४ चा. रॅट कांगारूच्या मूत्रपिंडाच्या पेशींत त्यांनी मोजलं की शेवटचा कायनेटोकोर धरला गेल्यापासून गुणसूत्रं सुटेपर्यंत सरासरी २३ मिनिटं जातात. पुढच्या वर्षी त्यांनी शेवटचा रिकामा कायनेटोकोर लेझरनं जाळून टाकला. पेशी पुढे निघून गेली. थांबवत होता तो तेवढा एक ठिपका.

शून्यापूर्वी १५ मिनिटं

सीडीसी२० मोकळं झालं आहे. ते एपीसी या मोठ्या संकुलाला जाऊन मिळतं. एपीसी दोन प्रथिनांवर मोडीत काढायची खूण चढवतं: सायक्लिन-बी आणि सेक्युरिन.

शून्यापूर्वी २ मिनिटं

सेक्युरिन जवळजवळ संपलं. ते सेपरेज नावाच्या विकराला बांधून ठेवत होतं. सेपरेज मोकळं.

शून्य

सेपरेज कोहेसिनची कडी कापतं. ४६ जोड्या एकाच वेळी सुटतात.

शून्यानंतर ३ मिनिटं

गुणसूत्रं मिनिटाला साधारण एक मायक्रोमीटर या वेगानं दोन्ही ध्रुवांकडे सरकत आहेत. एक सरकत नाही. ते मध्यभागी, दोन्हीकडून ताणलेलं, मागे राहिलं आहे.

शून्यानंतर २० मिनिटं

पेशी मधून आवळली जाते आणि दोन होतात. मागे राहिलेलं गुणसूत्र चुकीच्या बाजूला गेलं. एका पिल्लात ४७, दुसऱ्यात ४५. जादा गुणसूत्र मुख्य केंद्रकात नाही. त्याच्याभोवती स्वतंत्र, पातळ आवरणाचं एक लहान केंद्रक तयार झालं आहे.

पी५३ असतं तर अशी पेशी बहुधा इथंच थांबली असती. पी५३ नाही.

शून्यानंतर २४ तास

पुढच्या फेरीत लहान केंद्रकातल्या गुणसूत्राची नक्कल उशिरा आणि अर्धवट होते. आवरण फाटतं. गुणसूत्राचे तुकडे होतात आणि ते वाटेल त्या क्रमानं पुन्हा जोडले जातात. पेलमन यांच्याच प्रयोगशाळेनं २०१२ आणि २०१५ मध्ये हे दाखवलं. एका फेरीत, एका गुणसूत्रावर, डझनावारी बदल.

या पेशीचे तारककाय अजूनही दोनापेक्षा जास्त होत राहतील. ई६ आणि ई७ अजून काम करत आहेत.

शून्यानंतर काही वर्षं

अस्तरात बिघडलेल्या पेशींचा थर जाड होत जातो. अजून तो तळाच्या पडद्याच्या वरच आहे. याला कर्करोगपूर्व अवस्था म्हणतात. न्यूझीलंडमध्ये अशा तीव्र अवस्थेतल्या ज्या बायकांवर पुरेसे उपचार झाले नाहीत, त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्क्यांना तीस वर्षांत कर्करोग झाला. तिथं त्यांना उपचाराविना ठेवणं हा पुढे चौकशीचा विषय झाला.

या अवस्थेतला उपचार साधा आहे. थंड धातूचं टोक पिशवीच्या तोंडाला लावायचं: ३ मिनिटं गोठवणं, ५ मिनिटं सोडणं, पुन्हा ३ मिनिटं गोठवणं. एकूण ११ मिनिटं. भूल लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते. पिशवी काढायची गरज नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण शेजारच्या बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये गाजलं, आणि त्यांतल्या अनेकींना कर्करोगाची भीती घातली गेली होती.

प्रश्न एवढाच की त्या ११ मिनिटांसाठी बाई सापडायची कशी.

१९९९

उस्मानाबाद जिल्ह्यात तपासणीचा मोठा प्रयोग सुरू झाला. फ्रान्समधल्या ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं रुग्णालय यांनी तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. गावांचे ५२ समूह, चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गटांत वाटलेले, प्रत्येकी १३.

पहिला गट, ३४,१२६ बायका: एचपीव्हीची चाचणी. दुसरा, ३२,०५८: पॅप, म्हणजे पेशी खरवडून काचेवर पाहणं. तिसरा, ३४,०७४: ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग येतो का ते डोळ्यांनी पाहायचं. चौथा, ३१,४८८: नेहमीची सेवा.

नेहमीची सेवा हे कागदावरचे शब्द आहेत. त्या काळी खेड्यातली नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नाही. तुलनेला असा गट लागतो, हे शास्त्र म्हणून बरोबर. त्या गटातल्या बायकांचं काय, हा प्रश्न नंतर वैद्यकीय नीतीच्या चर्चेत विचारला गेला आणि तो विचारणं रास्त होतं.

पॅपमध्ये तज्ज्ञ काय पाहतो? केंद्रक मोठं झालं आहे का, वेडंवाकडं आहे का, काळं पडलं आहे का. म्हणजे तर्कूची चूक होऊन गेल्यानंतरची पडझड. ती दिसायला वर्षं लागतात आणि पाहणाऱ्याची नजर लागते. एचपीव्ही चाचणी पेशी कशी दिसते ते विचारत नाही. ई६ आणि ई७ आणणारा विषाणू आहे की नाही, एवढंच पाहते, आणि तेही तर्कूची चूक होण्याच्या आधी पाहता येतं. नमुने बार्शीच्या प्रयोगशाळेत जात. चाचणी झालेल्या बायकांपैकी १०.३ टक्क्यांत विषाणू सापडला. त्यांना बोलावलं गेलं, दुर्बिणीतून पाहिलं गेलं आणि लागेल तिथं उपचार झाले.

तपासणी एकदाच झाली.

२ एप्रिल २००९

निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. चौथ्या गटात कर्करोगाचे ११८ रुग्ण, त्यांतल्या ८२ पुढच्या टप्प्यावर पोचलेल्या, मृत्यू ६४. एचपीव्ही चाचणीच्या गटात रुग्ण १२७, त्यांतल्या पुढच्या टप्प्यावर फक्त ३९, मृत्यू ३४. पॅपच्या गटात मृत्यू ५४, डोळ्यांनी पाहण्याच्या गटात ५६. हे दोन्ही आकडे चौथ्या गटापेक्षा ठामपणे वेगळे म्हणावेत इतके कमी नव्हते.

मृत्यूचा धोका जवळपास निम्मा झाला तो एकाच गटात. ज्या गटाला योग्य प्रश्न विचारला गेला होता त्या गटात.

एप्रिल २०१०

या घटनाक्रमातलं एक वेगळं वळण. एचपीव्ही लशीच्या तीन आणि दोन मात्रांची तुलना करणारी चाचणी बार्शीसह देशातल्या अनेक केंद्रांवर चालू होती. आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्या एका लसप्रकल्पावर वाद पेटला आणि सरकारनं सगळीकडची लशीची कामं थांबवली. ज्या मुलींना पहिलीच मात्रा मिळाली होती त्या तशाच राहिल्या. शास्त्रज्ञांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनंतरही एका मात्रेनं प्रकार १६ आणि १८ ला चांगलं रोखलेलं दिसलं. २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं मुलींसाठी एक मात्राही चालेल असं जाहीर केलं, त्यामागे हा पुरावा होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं त्याच वर्षी स्वतःची लस तयार केली.

२०२१

जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की तपासणीची पहिली चाचणी एचपीव्ही डीएनएचीच असावी, वयाच्या तिसाव्या वर्षापासून, दर ५ ते १० वर्षांनी. उस्मानाबादचा अभ्यास या शिफारशीच्या पायातला महत्त्वाचा पुरावा आहे.

२०२२

भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे अंदाजे १,२७,५२६ नवे रुग्ण. मृत्यू ७९,९०६.

रोग पसरल्यावर दिलं जाणारं पॅक्लिटॅक्सेल हे औषध तर्कूच्याच तंतूंवर चालतं. ते तंतूंना गोठवतं, कायनेटोकोर नीट ताणले जात नाहीत आणि तपासनाका पेशीला अडवून धरतो. काही पेशी तिथंच मरतात, काही नाका ओलांडून निसटतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९ ते २०२१. ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांना विचारलं होतं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे का. हो म्हणणाऱ्या: १.९ टक्के.